कोणाचो म्हणान सांगू?

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच विषयाची, म्हणजे बेघर माणसांशी कसे वागावे याविषयीची निघाली, म्हणून या महिन्यात तेवढीच घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक लागली, त्याला इलाज नव्हता.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. सोवळेओवळे त्या आजही पाळतात आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. शिमग्याच्या सुमारास आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपात पन्नाशीचा एक माणूस येऊन राहिला. तो नेपाळी आहे, कुठल्याशा आंब्याच्या बागेत राखणीला होता, आजारी पडल्यावर त्याला कामावरून काढले, इतकेच गावात बोलले जाते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी त्याला खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला पत्रावळीवर भात वाढला. त्यांना पाहिले की तो ‘आमा, आमा’ म्हणायचा. तो आंबा मागतो आहे असे समजून त्या ‘आंबो अजून पिकूक नाय रे’ अशी त्याची समजूत घालत आणि पानावर कैरीच्या लोणच्याची फोड ठेवत. चैत्रात पहिला हापूस उतरला तेव्हा देवापुढे ठेवलेला आंबा त्यांनी त्यालाच नेऊन दिला. पुढे शेजारच्या बागेतल्या दुसऱ्या नेपाळी गड्याने सांगितले, की त्यांच्या भाषेत ‘आमा’ म्हणजे आई. त्या दिवसापासून पत्रावळ बंद झाली. आता त्याला स्टीलच्या ताटात जेवण मिळते आणि त्या ताटावर माझ्या यजमानांचे नाव कोरलेले आहे, कारण ते त्यांच्या बारशाला आलेले ताट आहे. दुपारी तो आमच्या खळ्यात माडाच्या झावळ्यांचे झाप विणत बसतो, सासूबाई पायरीवर बसून कुळीथ निवडतात आणि दोघे आपापल्या भाषेत तासभर बोलतात.

पावसाळा तोंडावर आला आहे. देवस्थान समितीतले काही जण त्याला सभामंडपातून हलवा म्हणतात, काही जण देवाला कौल लावू, देवच काय ते सांगेल, म्हणतात. सासूबाईंनी गुरवाकडे जाऊन त्या माणसासाठी देवाला गाऱ्हाणे, म्हणजे विनवणी, घालायला सांगितले. गुरवाने विचारले, ‘कोणाचो म्हणान सांगू?’ सासूबाई म्हणाल्या, ‘आमचो म्हणान सांग.’ ही गोष्ट गावभर झाली आणि यजमान चार दिवस आईशी बोललेले नाहीत. मी स्वतः फारशी देवभोळी नाही. सासूबाईंच्या या वागण्याला श्रद्धा म्हणावे की भाबडेपणा? आणि मी नेमके काय करावे?

— एक वाचक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : ताई, गुरवाचा प्रश्न चुकीचा नव्हता. गाऱ्हाणे घालताना ज्याच्यासाठी घालायचे त्याचे घर, वाडी, मूळ सांगावे लागते. देवापुढे माणूस एकटा उभा राहतच नाही, तो कुणाचा तरी म्हणून उभा राहतो. आपल्याकडे अनोळखी माणूस समोर आला की आधी ‘खंयचो?’ (कुठला?) आणि लगोलग ‘कोणाचो?’ असे विचारतात, नाव त्यानंतर. ज्याच्याजवळ उत्तर आहे त्याच्यासाठी या प्रश्नाइतका आपुलकीचा प्रश्न नाही. लोकलच्या डब्यात समोरासमोर बसलेले दोन देवगडकर दादर यायच्या आत एकमेकांचे कुणीतरी निघतात, ते याच प्रश्नामुळे. पण ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याला हाच प्रश्न दारातून परत पाठवतो. जनगणना बेघर माणूस छपरावरून ठरवते. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, फलाट, देवळांची आवारे आणि पुलांखालच्या जागा हिंडून जी मोजणी झाली, तिच्यात देशभर १७ लाखांहून अधिक माणसे बिनछपराची आढळली. आपल्या गावांत मात्र छपरांची वाण नाही. वाड्यावाड्यांतून घरांना कुलपे आहेत आणि ती गणपतीला व शिमग्याला तेवढी निघतात. त्या माणसापाशी जे उत्तर नव्हते ते आपल्या सासूबाईंनी एका शब्दात पुरवले. गावाला टोचले आहे ते बहुधा तेच. भात वाढला तेव्हा कुणीच काही बोलले नव्हते.

आता श्रद्धा की भाबडेपणा, हा प्रश्न. मला त्यात नेम दिसतो. कणव सर्वांनाच येते आणि सर्वांचीच साधारण तिसऱ्या दिवशी आटते, कारण तिसऱ्या दिवशी आपल्याला घाई असते, किंवा समोरचा माणूस आदल्या दिवशीइतका दीनवाणा दिसत नाही. ज्या बाईने आयुष्यभर नैवेद्य चुकवला नाही तिला मात्र नैवेद्यामागचे एक पान चुकवता येत नाही. मन लागो वा न लागो, वेळ झाली की ताट वाढले जाते. पैठणच्या एकनाथ महाराजांची एक कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेत थबकलेल्या भुकेल्या महार कुटुंबाला त्यांनी ब्राह्मणांच्या आधी जेवू घातले आणि त्यापायी बहिष्कार सोसला. कीर्तनात ती कथा ऐकताना आपण माना डोलावतो आणि महाळाच्या दिवशी पुन्हा कावळ्याची वाट पाहत उभे राहतो. सासूबाईंनी ती कथा खरी मानलेली दिसते. पत्रावळीपासून ताटापर्यंतचे अंतर त्यांच्या वयाच्या आणि वळणाच्या बाईला किती लांबचे असते, हे आपण घरात राहून पाहिलेच असेल.

मी हे अधिकाराने सांगत नाही. १९८०च्या दशकात मी रत्नागिरीत एका बँकेत कारकून होतो. बँकेच्या बाहेरच्या पायऱ्यांवर एक म्हातारा बसायचा. त्याच्याजवळ खताच्या गोणीची एक पिशवी होती आणि तिचे तोंड तो सुतळीच्या इतक्या गाठींनी बांधायचा, की सोडायला त्याला स्वतःलाच बराच वेळ लागे. मी दत्ताचा गुरुवार धरत असे, त्यामुळे दर गुरुवारी त्याच्या पुढ्यात एक रुपया टाकून आत जायचो आणि ते पाऊल बरेच हलके पडायचे. आमचा शिपाई राजापूरकडचा मुसलमान होता. तो रोज दुपारी आपला डबा घेऊन बाहेर पायरीवर जाई, तांदळाच्या भाकरीचा अर्धा तुकडा म्हाताऱ्याला देई, उरलेला आपण खाई आणि दोघे एकाच झाकणातले कालवण संपवत. त्याच्या धर्मात दानाचे मोठे महत्त्व आहे, त्यासाठी करत असेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. विचारले कधीच नाही.

एका आषाढात सलग तीन दिवस म्हातारा दिसला नाही. माझ्या ते लक्षातही आले नसते. शिपायाने रजा टाकली तेव्हा कळले. तो पोलीस ठाण्यात गेला होता. ठाण्यात नाव विचारले, त्याने सांगितले. गाव विचारले, कर्नाटकातले एक गाव सांगितले. नातेवाईक विचारले, बहिणीचे नाव सांगितले. दोन वर्षे त्या पायरीवरून जाणाऱ्या मला यातले एक उत्तर देता आले नसते. म्हातारा तापाने फणफणलेल्या अवस्थेत सरकारी रुग्णालयात सापडला. त्याची पिशवी शिपायाने आमच्या स्टेशनरीच्या कपाटात, खातेवह्यांमागे ठेवली होती. ती घेऊन मीही त्याच्याबरोबर गेलो. खाटेवर बसून म्हाताऱ्याने एकेक गाठ सोडली आणि आतून शिंप्याची कात्री, मोजपट्टी, दोऱ्याची रिळे आणि निळ्या खडूचा झिजलेला तुकडा बाहेर काढला, सगळे जागेवर असल्याची खात्री केली आणि पुन्हा गाठी मारल्या. तेव्हा माझे लक्ष शिपायाच्या सदऱ्याकडे गेले. विरलेली कॉलर उसवून, उलटवून, इतकी सफाईने पुन्हा बसवलेली होती, की जवळून पाहिल्याशिवाय कळू नये. ती मी कित्येक महिने रोज पाहत होतो आणि त्याच्या बायकोच्या हाताला मनातल्या मनात दाद देत होतो. बहिणीला पत्र धाडले, उत्तर आले नाही. आश्विनात म्हातारा पायरीवर परतला आणि मी माझे दोन सदरे त्याच्याकडे दिले. कॉलरीमागे त्याने पैसे सांगितले ते बाजारभावापेक्षा जास्त होते. शिपायाकडून तो काही घेत नसे.

एवढे लांबण लावण्याचे कारण आपल्या खळ्यातले झाप. तो माणूस झाप विणतो, ते त्याला विणू द्या. जेवणाच्या ताटाला तेवढे एक देणे मागे उरले, की तो पाहुणा राहतो, आश्रित होत नाही. फक्त एक जपावे. लाकडे फोडणे, चिरे वाहणे, कलमांची आळी काढणे अशी अंगमेहनत त्याच्याकडून कुणी ‘जेवतो ना आपल्याकडे’ म्हणून फुकट करून घेत असेल, तर ते थांबवावे आणि गावच्या दराने मजुरी द्यावी. दयेच्या आडून बिनपगारी गडी ठेवण्याची चाल आपल्याकडे नवी नाही.

यजमानांवर रागावू नका. घरात वृद्ध आई एकटी असताना अनोळखी पुरुष दिवसभर खळ्यात बसतो, याची काळजी वाटणे हा काही दुष्टपणा नव्हे. वरोऱ्यात भर पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून बाबा आमटेही आधी घाबरून निघून गेले होते. आपण घाबरलो हेच त्यांना सोसवेना, म्हणून ते परत फिरले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि त्याची अखेरपर्यंत सेवा केली. १९४९ साली सुरू झालेल्या आनंदवनामागे ती भीती आहे. तेव्हा यजमान घाबरले असतील तर त्यांना घाबरू द्या, पण घाबरल्या अवस्थेतच त्या माणसाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जाऊ द्या. तो आजारी पडला म्हणून त्याचे काम सुटले असे आपण लिहिता. कशाने आजारी पडला, हे कुणीच पाहिलेले दिसत नाही. खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी करावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, आणि सासूबाईंच्या प्रकृतीसाठीही ते आवश्यक आहे. पोलीस पाटलांना सांगून ठेवावे. परदेशी माणूस म्हणून काही भानगड होईल, अशी भीती समितीत कुणी घालत असेल, तर १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे नेपाळच्या नागरिकाला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, हे त्यांना सांगावे.

आणि हे सारे लवकर करावे. बागांतले नेपाळी गडी आंब्याचा हंगाम आटोपला की मेअखेरीपर्यंत पांगतात; १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे बंदरातले खलाशीही गावी जातात. त्याच्या मुलुखाकडे निरोप पोचवू शकणारी माणसे आज हाकेच्या अंतरावर आहेत, पंधरा दिवसांनी नसतील. ‘आमा’चा अर्थ ज्याने सांगितला त्या गड्याला एक दिवस जेवायला बोलवा आणि त्याच्या मार्फत या माणसाचे गाव, घर, आजार, घरी परत जायची इच्छा, सगळे नीट विचारून घ्या. कदाचित त्याला जायचेच नसेल. तेही त्याच्या तोंडून कळावे.

कौलाविषयी माझे मत आपल्या समितीला रुचणार नाही. कौल मी मानतो. पण जे सांगायला आपली जीभ रेटत नाही, ते देवाच्या तोंडून वदवून घेण्यासाठी कौल नसतो. पावसात सभामंडपात ओल येते, सप्ताहाला जागा लागते, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या माणसांनी बसून सोडवायच्या आहेत. कुलूप लावलेल्या एखाद्या घराच्या मुंबईकर मालकाला फोन करून पडवीपुरती परवानगी मागणे, हे काम कौलापेक्षा सोपे आहे.

राहता राहिले ताट. ताई, आपल्या पत्रात आंब्याचे नाव आहे, ताटावरच्या नावाचा उल्लेख आहे, त्या माणसाचे नाव मात्र कुठेही नाही. सासूबाई त्याला काय म्हणून हाक मारतात, हेही आपण लिहिलेले नाही. ते कळले की भांड्यांच्या दुकानातून एक ताट आणावे; नाव तिथेच कोरून मिळते. यजमानांचे ताट त्यांना परत करावे.

प्रश्न : २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठीच्या पुरात आमच्या घरात पाणी भरले तेव्हा आम्ही काही दिवस अनोळखी लोकांच्या घरी जेवलो. त्याची जाणीव ठेवून मी बसस्थानकावर राहणाऱ्या एका माणसाला दर शनिवारी मारुतीला जाताना डबा नेऊ लागलो. तो सतत स्वतःशी बोलतो. तिसऱ्या शनिवारी त्याने डबा माझ्या अंगावर फेकला. मित्र म्हणतात, अशांच्या वाटेला जाऊ नये. मन खट्टू झाले आहे.

— एक तरुण वाचक, चिपळूण

उत्तर : खट्टू झाले असेल, पण त्यात अपमान शोधू नका. स्वतःशी बोलणारा माणूस बहुधा आणखी कुणाशी तरी बोलत असतो, जो आपल्याला दिसत नाही, आणि तुमच्या डब्यात विष आहे असे तो ‘आणखी कुणी’ त्याला सांगत असू शकतो. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी कर्जतला पुनर्वसन केंद्र चालवणारे आणि २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेले डॉ. भरत वाटवानी यांच्या कामाची सुरुवात अशाच एका तरुणापासून झाली. तो करवंटीने गटाराचे पाणी पीत होता. डॉक्टर पती-पत्नी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात घेऊन गेले. उपचारांनंतर तो आंध्र प्रदेशातला, चांगला शिकलेला मुलगा निघाला आणि घरी परत गेला.

डबा थांबवू नका, पद्धत बदला. शिजवलेले अन्न न देता सालीसकट केळी किंवा बंद पुडा, त्याच्यापासून चार हात दूर ठेवून, न बोलता. आणि हे एकट्याने करू नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ याच्या कलम १०० अन्वये, असा माणूस स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसत असेल तर त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. स्थानकावरचा चहावाला, हमाल किंवा वाहतूक नियंत्रक यांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन ठाण्यात जा. ते त्याला तुमच्याहून अधिक ओळखतात. सल्ला हवा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मारुतीला जाणे चालूच ठेवा, वाटेत तो माणूस लागतो.

प्रश्न : आमचे मंडळ यंदा गणेशोत्सवात बेघर व निराधार लोकांसाठी एक दिवस अन्नदान करणार आहे. छायाचित्रे काढून ती प्रसिद्ध करावीत काय, यावरून दोन तट पडले आहेत. शिवाय आणखी काय करता येईल?

— एका मंडळाचे कार्यकर्ते, वेंगुर्ला

उत्तर : छायाचित्रे काढू नयेत. ज्याच्या हातात पान आहे त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि त्याचा कुणी भाऊ किंवा मुलगी ते चित्र कुठे पाहील, हे तुम्हाला ठाऊक नसते.

अन्नदानाविषयी थोडे कडवट लिहितो. अनंत चतुर्दशीपर्यंत आपल्याकडे कुणी उपाशी राहत नाही, घरोघर मोदक आणि उसळ असते. उपास घडतो तो पितृपक्ष उलटून गेल्यावर. गाडगे महाराजांनी भुकेलेल्यांना अन्न हे पहिले सांगितले खरे, पण त्याच यादीत बेघरांना आसरा आणि बेकारांना रोजगारही सांगितला. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळांत घातला, आणि मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही पथारी पसरायला जागा मिळते. एका दिवसाच्या जेवणावळीचा खर्च काढून पाहा आणि तेवढ्यात एका माणसाची वर्षभराची औषधे होतात काय, ते ताडून पाहा.

तुमच्यापासून जवळच, कुडाळ तालुक्यात पणदूरला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे. रस्त्यावरून आणलेली निराधार, आजारी माणसे तिथे सांभाळली जातात. मंडळातल्या चौघांनी आधी रिकाम्या हाताने तिथे जाऊन यावे आणि काय हवे ते विचारावे. सणासुदीला लोक अशा ठिकाणी मिठाई नेतात. प्रौढांचे लंगोट, अंगाचा साबण, जुन्या सुती साड्या आणि दाढी करून द्यायला येणारा माणूस, यांची गरज बाराही महिने असते. तुमच्यात कुणी न्हावी असेल तर त्याला पहिल्या खेपेलाच सोबत न्या.